एका पैचा हिशेब (गीता ६.१७)



काल आपण सहाव्या अध्यायातला सोळावा श्लोक बघितला. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आजचा सतरावा श्लोक तेच दुसऱ्या बाजूने सांगतो. आहार, विहार, कामातली धडपड, झोप आणि जागणं, हे सगळं ज्याचं 'युक्त' आहे, त्याचा योग दुःख घालवणारा होतो.

'युक्त' म्हटलं की आपण लगेच 'वर्क-लाइफ बॅलन्स' असा अर्थ लावून मोकळे होतो. आठ तास हे, आठ तास ते. भगवंतांनी तास कुठेच सांगितलेले नाहीत. माऊली या श्लोकावर बोलताना मापाची भाषा वापरतात. बोलणं मोजकं, चालणं मोजकं, आणि झोपेलासुद्धा तिच्या वेळी मान द्या म्हणतात. झोपेला मान! आपल्या आयटीत नेमका तोच नाही. रिलीजच्या आदल्या रात्री जागलेल्या मुलाचं सकाळच्या मीटिंगमध्ये कौतुक होतं. ज्याने आधीच नीट टेस्ट लिहून ठेवल्यामुळे कोणालाच जागावं लागलं नाही, त्याचं नावही निघत नाही.

हे सगळं आज डोक्यात घोळतंय, कारण टीममधल्या एका मुलाने मला गेल्या आठवड्यात एक प्रश्न विचारला. नोकरीला दोन वर्षं झालीत, हुशार आहे, हल्लीच जप सुरू केलाय. म्हणाला, "दादा, लॉग वाचत बसलो की चार तास कसे गेले कळत नाही. माळ हातात घेतली की दोन मिनिटांत मन पळतं. म्हणजे मी भक्तीच्या लायकीचाच नाही ना? की ही नोकरीच आड येतेय? सोडूनच द्यावी का?"

शेवटचं वाक्य तो सहज बोलला नव्हता. घरी कर्जाचे हप्ते आहेत, आई-वडील त्याच्यावर अवलंबून आहेत. आणि रात्रीच्या ड्युट्यांमुळे पोराचे डोळे सुजलेले. मी त्याला आधी म्हटलं, "दोन रात्री नीट झोप, मग बोलू." टाळायचं म्हणून नव्हे. कालचा श्लोकच आहे तो. झोप न झालेल्या डोक्याने संन्यास घ्यायचा नसतो आणि राजीनामाही द्यायचा नसतो.

मग नाथांची गोष्ट निघाली. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. पैठणचे एकनाथ बाराव्या वर्षी घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी काही गुहेत बसलेले साधू नव्हते. निजामशाहीतल्या त्या किल्ल्याचे ते किल्लेदार. म्हणजे माणसं सांभाळायची, जमाखर्च बघायचा, वरच्यांना जाब द्यायचा. गुरुवारी कारभार बंद ठेवून ते उपासनेला बसत, असं परंपरेत सांगतात. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. नाथ दिव्याशी बसून वह्या चाळत राहिले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी आले, काय झालं ते विचारलं, आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल?

(रात्री तीन वाजता शेवटी बग सापडल्यावर एकट्याने टाळी वाजवलेली मंडळी इथे बरीच असतील. हात वर करा!)

बहुतेक वेळा ही गोष्ट 'कुठे त्या पैत अडकलास, देवाकडे बघ' अशा सुरात सांगितली जाते. मला ते पटत नाही. पै क्षुल्लक असती तर स्वामींनी ते काम दिलंच नसतं, आणि स्वतः किल्ल्याचा कारभार करत बसले नसते. त्या रात्री त्यांनी नाथांना काहीच सोडायला सांगितलं नाही. तुझ्याकडे काय आहे ते त्यांनी दाखवलं, आणि ते आणखी कुठे लागू शकतं ते सांगितलं. चांगला मेंटॉर एवढंच करतो, आणि तेच अवघड असतं. आपण ज्युनियरच्या कामातल्या चुका धडाधड दाखवतो. त्याची ताकद त्याला दिसावी म्हणून किती जण थांबतो?

आता त्या मुलाचा खरा प्रश्न: लॉगमध्ये मन लागतं, जपात का नाही? सोपं उत्तर असं की बगला शेवट असतो, तो सापडतो किंवा सापडत नाही. जपात हिरवा टिक येत नाही. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. नाथ रात्रभर का बसले याचा विचार करा. ती पै कोणाच्या हिशेबातली होती? गुरूंच्या. दुसऱ्या कोणाची वही असती तर कदाचित सकाळी बघू म्हणाले असते. एकाग्रता मागून आली, आधी माणूस आवडला. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायच्या वाटा सांगितल्यात: नम्रता, नीट विचारलेला प्रश्न आणि सेवा. नाथांच्या हातून त्या रात्री सेवाच चालली होती, आकड्यांच्या रूपात.

म्हणून मी त्याला म्हटलं, तुझं मन पळपुटं नाही. चार तास बसू शकणारं मन आहे ते, पुरावा तूच दिलायस. पण ज्याचं नाव घेतोस त्याची ओळख अजून नवी आहे. अनोळखी माणसाशी बोलताना आपण दोन मिनिटांत घड्याळ बघतोच की.

नाथांचं पुढे काय झालं तेही त्याला सांगितलं. स्वामींनी त्यांना देवगिरीजवळच्या शूलिभंजन डोंगरावर अनुष्ठानाला बसवलं, तीर्थयात्रेला पाठवलं, आणि मग काय? पैठणला जा, संसार कर. गिरिजाबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली, आल्यागेल्याची पंगत रोजची. त्या संसारातच १५७३ मध्ये काशीला एकनाथी भागवत पूर्ण झालं. आणि पै शोधणारे ते डोळे? ते वाया गेले नाहीत. ज्ञानेश्वरी लिहून जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती, नकला करताना पाठ बिघडले होते. नाथांनी पोथ्या ताडून बघितल्या आणि १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर आपली ओवी यात कोणी घुसवू नये असंही बजावलं. आपल्या भाषेत, मेन ब्रँचला कुलूप लावलं! आज आपण माऊलींची ओवी वाचतो त्यात हिशेबनीस नाथांचे कष्ट आहेत.

एक शंका त्या मुलानेच काढली. "पण दादा, नाथ तर रात्रभर जागले. मग 'युक्त' कुठे राहिलं?" बरोबर पकडलं त्याने. माझ्या मते सोळाव्या श्लोकातला 'अति' महत्त्वाचा. गरजेला जागलेली एक रात्र अति नाही. दर आठवड्याला तीच पै शोधत जागावं लागत असेल, तर हिशेबाची पद्धतच बदलायला हवी, आणि ते सांगायची जबाबदारी ज्युनियरची नाही, आमच्यासारख्यांची आहे. पुढच्या महिन्याच्या ऑन-कॉलच्या पाळ्या मी त्याच दिवशी नव्याने लावायला घेतल्या.

नोकरीचं त्याने अजून ठरवलेलं नाही. मीही ठरवून दिलेलं नाही. सध्या तो सकाळी आंघोळीनंतर एकच माळ करतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि रात्री झोपताना नाथांच्या चरित्राची दोन पानं वाचतो. ओळख वाढावी म्हणून.

उद्या अठरावा श्लोक. आज ज्यांची रात्रपाळी आहे, त्यांनी उद्या झोप काढून मगच वाचा.