एक लिटर गोडाचा हिशेब

जे काम यंत्र झटक्यात करतं, ते माणसाने दिवसभर खपून करण्यात काही मूल्य असतं का? की ती निव्वळ हौस? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांचा वेळ आणि कष्ट वाचवण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असायला हवं. पण अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, मार्च महिन्यात लोक घरामागे मेपलचा रस आटवताना पाहिले, आणि तेव्हापासून या प्रश्नाने पिच्छा सोडलेला नाही.

आधी प्रकार समजून घेऊ. हिवाळा सरता सरता रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर जायला लागला, की शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. खोडाला जेमतेम ८ मिलिमीटरचं भोक पाडून तोटी ठोकायची, खाली बादली अडकवायची. जमलेला रस दिसायला पाणी, आणि चवीलाही जवळपास पाणीच. त्यात साखर साधारण २ टक्के. पाक व्हायचा तर ती ६६ टक्क्यांवर न्यायला लागते. म्हणजे सुमारे ४० लिटर रस आटवला की हातात एक लिटर पाक. बाकी सगळी वाफ.

ती काढायला लोक घरीच चूल बनवतात. तेलाचा जुना पिंप आडवा कापायचा किंवा सिमेंटचे ठोकळे रचायचे, एका टोकाला चिमणी, आणि वर हॉटेलात भाज्या गरम ठेवायला वापरतात तसे स्टीलचे ट्रे. वाफ पृष्ठभागावरून जाते, म्हणून भांडं जितकं पसरट तितकं बरं. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे अनोळखी वाटणार नाही. तिथे चुलवाणावर मोठी काहील असते, मळी वर यावी म्हणून रसात भेंडीचा रस घालतात. इथे फेस उतू जायला लागला की लोण्याचा छोटा तुकडा टाकतात, तो खाली बसतो. पाकाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या सुमारे ४ अंश सेल्सिअस वर गेलं की उतरवायचं. तेवढ्यात लक्ष हललं तर सगळं करपतं.

आता माझ्यातला इंजिनिअर गणित मांडतो. ४० लिटर थंड रस उकळीला आणून त्यातलं पाणी उडवायला साधारण १०० मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेलं लाकूड सुमारे १५ मेगाज्यूल देतं. म्हणजे जराही उष्णता वाया न घालवता सात किलो लाकूड. घरगुती चुलीची बरीच उष्णता चिमणीतून निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या काही पट. उलट मोठे उत्पादक आपल्या स्वयंपाकघरात असतं तेच आरओचं तंत्र वापरतात. रस २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला, की तीन चतुर्थांश पाणी विस्तवाशिवायच गेलं. कार्यक्षमता हाच निकष लावला तर वाद इथेच संपतो.

मग कष्टालाच मूल्य आहे असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. घरामागे रस आटवणाऱ्याला थंडी सोसेना, तर तो घरात जाऊन कॉफी पिऊ शकतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, मोजणी एक. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे हंगाम अर्ध्यावर सोडायची सोय नसते. थांबता येतं तो कष्ट आणि थांबता येत नाही तो कष्ट, यांना एकाच शब्दाने गौरवणं मला अप्रामाणिक वाटतं.

तरीही त्या चुलीपाशी काहीतरी उरतं. तिथे खर्च दिसतो. लाकडाचा ढीग कमी होताना दिसतो, खोडाला पाडलेलं भोक दिसतं, ४० लिटर जाऊन एक लिटर उरताना दिसतं. आमच्या धंद्यात याच्या उलट शिकवतात. वापरणाऱ्याला आतलं काही कळू नये, हाच चांगल्या प्रणालीचा गुण. बटण दाबलं, वस्तू दारात. गुंतागुंत लपवता लपवता आपण माणसंही लपवतो, हे मात्र कुठल्याही कोड रिव्ह्यूमध्ये कोणी विचारत नाही.

पण खर्च दिसला की माणूस शहाणा होतो, असंही नाही. १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी थॉमस जेफरसन यांना पत्र लिहून मेपलच्या साखरेची बाजू मांडली. वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या श्रमावर बनत होती. मेपलची साखर वाढली तर त्या गुलामगिरीची गरज कमी होईल, अशी त्यांची आशा. जेफरसन यांनाही कल्पना आवडली. त्याच वर्षी त्यांनी माँटिसेलोच्या आपल्या मळ्यात मेपलची रोपं लावली. ती तिथे रुजली नाहीत. आणि त्याच मळ्यात गुलाम राबत होते, ते राबतच राहिले. दूरच्या बेटावरच्या साखरेतला अन्याय त्यांना दिसला, आणि तो स्वतःच्या आवारात बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी काही बदललं नाही.

म्हणून माझं उत्तर अर्धंमुर्धं आहे. दिवसभर रस आटवल्याने कोणी नैतिकदृष्ट्या उंच होत नाही. त्याला फक्त एका गोडाची किंमत कळते. त्या कळण्याला मूल्य येतं ते आपण आटताना न पाहिलेल्या साखरेबद्दलही तोच प्रश्न विचारला तर. यंत्राला माझा विरोध नाही. आरओने लाकूड वाचत असेल तर वाचू दे. पण महाराष्ट्रात ऊसतोडणीची यंत्रं शेतात उतरताहेत, तेव्हा त्यांनी कोणाचे कष्ट वाचले आणि कोणाची रोजी गेली, हे दोन्ही एकाच हिशेबात मांडावं लागेल. चहात साखर घालताना आपण तो मांडत नाही. मीसुद्धा रोज मांडतो असं नाही.