तांब्याच्या धुरातून आलेला हक्क

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोंटाना या डोंगराळ राज्याचे नाव काढले की पर्यटकांना ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान, ट्राउट माशांच्या नद्या आणि क्षितिजापर्यंत पसरलेली गवताळ राने आठवतात. आकाराने हे राज्य महाराष्ट्राहून मोठे, पण २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या अकरा लाखांच्याही आत भरली. अशा मोकळ्या मुलखातल्या लोकांनी १९७२ साली आपल्या राज्यघटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहून ठेवला. (अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र घटना असते.) सुंदर निसर्ग लाभलेल्यांना असे काही सुचणारच, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या हक्काची मुळे शोधायची तर ब्यूट या खाणींच्या गावात जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घराघरांत वीज येऊ लागली आणि तारांसाठी तांब्याला मागणी आली. ब्यूटच्या टेकडीखाली ते भरभरून होते. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड, सर्बिया, इटली, चीन अशा कुठून कुठून माणसे तिथे पोटासाठी येऊन पोहोचली. धातुक उघड्यावर लाकडांच्या ढिगांवर रचून भाजत. त्यातून निघणारा गंधकाचा आणि आर्सेनिकचा धूर इतका दाट असे की काही दिवस भर दुपारी दिवे लावावे लागत. १८८९ साली मोंटानाला राज्याचा दर्जा मिळायचा होता, त्या वेळी भरलेल्या घटना परिषदेचे अध्यक्ष होते विल्यम क्लार्क, ब्यूटचे बडे खाणमालक. आर्सेनिकमुळे ब्यूटच्या बायकांची कांती उजळते, असे त्यांनी त्या परिषदेत सांगितले. त्या घटनेत खाणींवरचा कर अगदी हलका राहील याचीही तजवीज झाली.

पुढे याच क्लार्क यांनी राज्याच्या आमदारांना पैसे चारून सेनेटची जागा मिळवल्याचे चौकशीत पुढे आले आणि १९०० साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. वर्षभरात ते पुन्हा सेनेटर झाले! मग एकेका मालकाचा जमाना सरला आणि अ‍ॅनाकोंडा कंपनीचा आला. मोंटानात तिला नुसते ‘कंपनी’ म्हणत, आणि कोणती असे कोणी विचारत नसे. १९०३ मध्ये न्यायालयातले निकाल विरोधात गेले तेव्हा कंपनीने राज्यभरातले आपले कामकाज बंद केले. हजारो कामगार हिवाळ्याच्या तोंडावर घरी बसले, राज्यपालांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि कंपनीला हवा तो कायदा मंजूर झाला. १९१७ च्या जूनमध्ये स्पेक्युलेटर खाणीला आग लागून १६८ माणसे गेली. त्यानंतरच्या संपात भाषणे देणारे कामगार संघटक फ्रँक लिटल यांना बुरखेधाऱ्यांनी रात्री खोलीतून ओढून नेऊन फासावर लटकवले. राज्यातली बहुतेक मोठी वृत्तपत्रे १९५९ पर्यंत कंपनीच्याच मालकीची होती. हवेत विष आहे हे छापणार कोण?

१९५५ मध्ये कंपनीने भुयारे सोडून उघडी खाण खणायला घेतली. या बर्कली पिटने मीडरव्हिलसारख्या इटालियन वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. ज्यांची घरे गेली त्यांतल्या अनेकांचा पगार त्याच खड्ड्यातून येत होता, ही ब्यूटची खरी कोंडी.

१९७१ मध्ये चिलीने आपल्या भूमीवरच्या, कंपनीच्याही मालकीच्या, तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले आणि कंपनीचा कणाच मोडला. पुढच्याच वर्षी हेलेना या राजधानीत नवी घटना परिषद भरली. शंभर प्रतिनिधींमध्ये विद्यमान आमदार एकही नव्हता, कारण न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले होते. एकोणीस स्त्रिया होत्या. प्रतिनिधी पक्षवार न बसता आडनावांच्या वर्णानुक्रमाने बसले. पर्यावरणाचा हक्क, सरकारी कागद पाहण्याचा हक्क, मूलनिवासी जमातींचा वारसा शिक्षणातून जपण्याची हमी हे सारे या सभागृहातून आले. सार्वमतात मात्र ही घटना जेमतेम अडीच हजार मतांच्या फरकाने तरली.

घटनेतल्या ओळीने लगेच कोणाचे रक्षण झाले नाही, हे लिबी गावाकडे पाहिले की कळते. तिथल्या व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला होता. राज्याच्या आरोग्य खात्याच्या तपासनीसाने १९५६ सालीच ते नोंदवले होते, तरी खाण १९९० पर्यंत चालू राहिली. कामगारांच्या कपड्यांवरून ती धूळ घरी गेली, बायकामुलांच्या फुप्फुसांत गेली, आणि शेकडो माणसे दगावली. २००९ मध्ये केंद्र सरकारने तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. विषारी जागांच्या सफाईच्या कायद्याखाली अशी घोषणा देशात प्रथमच झाली. त्याच वर्षी फौजदारी खटल्यातून खाणीची मालक कंपनी निर्दोष सुटली.

ती ओळ जिवंत केली ती १९९९ च्या एका निकालाने. ब्लॅकफूट नदीजवळच्या नियोजित सोन्याच्या खाणीच्या चाचणीत आर्सेनिकयुक्त पाणी सोडले जात होते. हा हक्क मूलभूत आहे, आणि तो मागण्यासाठी नदीत मेलेले मासे तरंगेपर्यंत थांबायची गरज नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले. त्याच आधारावर २०२० मध्ये सोळा मुले न्यायालयात गेली. खटला भरला तेव्हा त्यांतले सर्वांत धाकटे दोन वर्षांचे होते. प्रकल्पांना परवाने देताना हरितगृह वायूंचा विचार करू नये, असा कायदा विधिमंडळाने केला होता. मुलांचे आव्हान त्यालाच होते. १९७२ च्या परिषदेतल्या सर्वांत तरुण प्रतिनिधी मे नॅन एलिंग्सन यांनीही साक्ष दिली. जगाच्या मानाने मोंटानाचे उत्सर्जन ते किती, असा सरकारचा बचाव होता. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश कॅथी सीली यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध एक मतांनी कायम केला. लागलीच २०२५ च्या अधिवेशनात विधिमंडळाने पर्यावरण परीक्षणाचा कायदा पुन्हा बदलायला घेतला.

विरोध करणाऱ्या सगळ्यांना स्वार्थी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. कोल्स्ट्रिप हे गाव कोळशाच्या वीज केंद्रावर जगते. क्रो जमातीला कोळशातून उत्पन्न मिळते, तर शेजारच्या नॉर्दर्न शायेन जमातीने दशकानुदशके कोळशाला विरोध केला आहे. खाण बंद झाली की घरावर काय ओढवते, हे तर ब्यूटपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? १९८२ मध्ये खाणीतले पाणी उपसणारे पंप थांबले आणि बर्कली पिटमध्ये आम्लयुक्त, जड धातूंचे पाणी चढू लागले. १९९५ मध्ये त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले, आणि २०१६ मध्ये हजारो. २०१९ पासून ते पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडले जाते. हे काम थांबवायची तारीख कोणाकडे नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या करत राहावे लागणार.

दर वीस वर्षांनी मतदारांना विचारायचे की नवी घटना परिषद हवी का, अशी तरतूद १९७२ च्या घटनेतच आहे. १९९० आणि २०१० मध्ये लोकांनी नको म्हटले. पुढची वेळ २०३० ची. दरम्यान करोनाच्या साथीनंतर बाहेरच्या राज्यांतून माणसांचा ओघ लागला, बोझमनसारख्या शहरांत घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या. डोंगर आणि नद्या पाहून आलेल्या या नव्या मतदारांनी कंपनीचे राज्य पाहिलेले नाही, आणि ज्यांनी पाहिले ते आता ऐंशीच्या घरात आहेत. परिषद भरलीच, तर पर्यावरणाचे कलमही पुन्हा चर्चेला खुले होईल. २०३० च्या मतदानाआधी ब्यूट आणि लिबीची हकीकत बोझमनच्या नव्या वस्त्यांपर्यंत कोण नेते, याकडे म्हणूनच लक्ष ठेवायला हवे.