वरच्या मजल्याचं पाणी

नळाला गरम पाण्याचा फोर्स कमी झाला की आमच्याकडे कोणीही एकच उपाय सांगतं: छोटा प्रेशर पंप बसवून टाका. पुण्यातल्या आमच्या सात मजली इमारतीत काही घरांनी तो बसवलाही आहे. स्वयंपाकघरातल्या मिक्सर नळाला गरम पाण्याची धार बारीक झाली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार पंपाचाच आला. पंप मी घेतला नाही, तरी तो विचार इतक्या सहज का आला, हे मला स्वतःला विचारावंसं वाटतं.

तक्रार कामाला येणाऱ्या मावशींची होती. थंडीत तेलकट भांडी घासताना त्यांना गरम पाणी पुरत नव्हतं. पंपाची किंमत विचारताना मी मनाशी म्हणत होते की हे त्यांच्या हातांसाठी आहे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की पंपासाठी मला कशातही लक्ष घालावं लागणार नव्हतं. पैसे दिले, माणूस आला, विषय संपला. एखाद्याच्या गरजेचं नाव पुढे करून आपली सोय बघायची सवय मला आहे, आणि अशा वेळी हेतू चांगलाच वाटत असल्यामुळे ती लक्षातही येत नाही.

दोष कुठे आहे ते पंपाला कळत नाही. ते शोधायला थोडा वेळ आणि शांत डोकं लागतं. त्याच मिक्सरमधून थंड पाणी जोरात येत होतं. म्हणजे गच्चीवरची टाकी आणि खाली येणारी लाइन दोन्ही ठीक. तोटीच्या तोंडाची जाळी थंड आणि गरम दोन्ही पाण्यांना एकच असते, म्हणजे दोष जाळीचाही नाही. त्याच गीझरवरून बाथरूममध्ये गरम पाणी भरपूर येत होतं, म्हणजे गीझर आणि त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही सुटले. सगळीकडे गरम पाणीच बारीक असतं, तर आधी गीझरकडे पाहावं लागलं असतं. राहिला तो स्वयंपाकघराच्या गरम लाइनचा शेवटचा तुकडा: अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि मिक्सरचा गरम बाजूचा स्पिंडल. प्लंबरने गीझरचा स्विच बंद केला, पाणी निवू दिलं, अँगल कॉक बंद करून पाइपचं वरचं टोक मिक्सरपासून सोडवून बादलीत धरलं आणि कॉक हळूच उघडला. धार दणदणीत आली. दोष स्पिंडलमध्येच होता. आत पांढरे कडक कण अडकले होते आणि वॉशरचं रबर उष्णतेने ताठ होऊन त्याचा कपचा निघाला होता. नवा स्पिंडल पंपाच्या किमतीपुढे काहीच नव्हता.

ते पांढरे कण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले. अशा पाण्यात बहुधा कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि पाणी तापलं की त्यांतला काही भाग कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतो. म्हणून गरम लाइन आधी चोंदते, थंड लाइन वर्षानुवर्षं टिकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. गीझर कमाल तापमानावर न ठेवता साठ अंशांच्या आसपास ठेवला की क्षार कमी साचतात. व्हिनेगरमध्ये भिजवले की ते फसफसून विरघळतात. हे सगळं घरात बसून करता येण्याजोगं आहे.

मला जास्त अस्वस्थ केलं ते साध्या गणिताने. टाकीतलं पाणी आपल्या उंचीच्याच जोरावर खाली येतं, दहा मीटरला साधारण एक बार. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या नळाच्या वर चार मजले आणि त्यावर टाकी, म्हणजे एक बारहून अधिक दाब मला आयताच मिळतो. सातव्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर. त्यांच्याकडे सगळ्याच नळांना धार बारीक असते, गरम काय आणि थंड काय. मी सामाईक लाइनला पंप लावला असता तर त्या पाइपमधून पाणी जास्त वेगाने ओढलं गेलं असतं आणि त्याचा फटका सर्वांत आधी, ज्यांच्याकडे मुळातच दाब नाही, त्यांना बसला असता. सातव्या मजल्यावरच्या आजींना शॉवर सुरू करून आंघोळ करता येत नाही, त्या बादली भरायची वाट पाहत बसतात, हे मला ठाऊक होतं. पंपाचा विचार करताना त्या एकदाही आठवल्या नाहीत. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, उलट जिन्यात भेटल्या की थांबून बोलणं होतं. तरीही पाण्याच्या हिशेबात त्या माझ्या लेखी नव्हत्याच.

आता सोसायटीपुढे प्रस्ताव आहे: वरच्या दोन मजल्यांसाठी टाकीपासून वेगळी लाइन आणि तिच्यावर सोसायटीचा पंप, खर्च सगळ्यांनी वाटून. माझ्या नळाला त्यातून थेंबभरही जास्त पाणी मिळणार नाही. मी सही केली आहे, वर्गणीही देणार आहे. पण माझा दोष स्वस्तातल्या स्पिंडलचा निघाला म्हणून हे सोपं गेलं. लाइनच बदलायची पाळी आली असती, भिंत फोडायची आणि टाइल्स काढायची वेळ आली असती, तर मी पंपाला नाही म्हटलं असतं का, याची खात्री मला देता येत नाही. म्हणून येत्या सभेत माझा आग्रह असणार आहे की सामाईक लाइनवर कोणीही खासगी पंप लावायचा नाही, हा नियम लेखी व्हावा, आणि ज्यांनी आधी लावले आहेत त्यांच्याशी बोलायला समितीसोबत मीही जाईन.