ठशाचें वचन

निसर्गांतून आलेली वस्तु तेवढ्याच कारणानें निर्दोष ठरते काय? वनांतील द्रव्यांची शाई करून ठसेचित्रें काढणाऱ्या कलावंतांच्या प्रयोगांनीं हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला आहे. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस पडतांच काळी शाई सिद्ध होते. पळसाच्या फुलांतून केशरी-पिवळी निघते. ती डिंकानें दाट करावयाची, कोरलेल्या लाकडी ठशावर चढवावयाची आणि वर कागद दाबून चित्र उठवावयाचें. १८५६ सालीं विल्यम पर्किन ह्यानें कृत्रिम जांभळा रंग शोधून काढल्यापासून रंगाचें वनाशीं असलेलें नातें तुटत गेलें. तें पुन्हा जोडूं पाहणाऱ्यांविषयीं आम्हांस आदरच वाटतो.

परंतु वन कोणासही हमी लिहून देत नाहीं. पळसाचा रंग उन्हांत लवकर विटतो. लोहयुक्त काळी शाई तर कालांतरानें कागदच खाऊं शकते. युरोपांतील कित्येक जुन्या हस्तलिखितांचीं पानें तशाच शाईनें जर्जर झालीं आहेत. शिवाय ठसेचित्राखालीं ३/२० असा अंक घालण्याची रूढि आहे. वीस समान प्रतींपैकीं ही एक, असें तें वचन होय. काढा मात्र दर खेपेस निराळा उतरतो. मग तिसरी व एकोणिसावी प्रत सख्ख्या बहिणी असल्या तरी जुळ्या नसतात.

ह्यावर कोणी म्हणेल, विटणें हा दोष कसला? जपानांतील अठराव्या शतकांतल्या अनेक ठसेचित्रांत एका रानफुलाचा निळा रंग वापरलेला असे. तो उडून पिवळट झाला, तरी तीं चित्रें आजही मोलाचीं मानलीं जातात. हें आम्हांस मान्य आहे. पण तीं चित्रें अल्प मोलानें विकलीं जात आणि तीं पिढ्यान्‌पिढ्या टिकतील अशी आशा कोणी धरीत नसे. आजचा ग्राहक तें भिंतीवर लावतो तें नातवंडांनींही पाहावें म्हणून.

तेव्हां दोष विटण्यांत नाहीं, त्याविषयीं मौन पाळण्यांत आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द पुष्कळदां ह्याच मौनावर पांघरूण घालतो. चित्राखालीं अंकाबरोबर झाडाचें नांव, काढ्याची खेप आणि ‘उन्हापासून जपावें’ एवढी सूचना लिहिण्यास कलावंतास कितीसे श्रम पडणार? तेवढें वाचूनही जो तें घरीं नेईल, त्याच्या घरीं रंग विटला तरी विश्वास विटणार नाहीं.