गुन्हा कुणाचा, हजेरी कुणाची

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली. आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. त्यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. कोहिनूरचा विषय तर अधूनमधून निघतोच. साम्राज्यानं इथून काय नेलं, याची मोजदाद आपल्याकडे जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, रमेशचंद्र दत्तांनी त्यात भर घातली. अलीकडे असे हिशेब वसूलही होऊ लागले आहेत. केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या काळात छळ सोसलेल्या ५,२२८ जणांना ब्रिटिश सरकारनं २०१३ साली भरपाई कबूल केली.

मागणी रास्तच आहे. पण नेलेल्या मालाची यादी करता करता मागे काय राहिलं, हे बघायचं राहून जातं. काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, ही कल्पना इथेच राहिली. तिची भरपाई लंडनकडे मागायची तर पंचाईत अशी, की ती अजून आपल्या रोजच्या वापरात आहे.

गुन्हेगार जमाती कायदा १२ ऑक्टोबर १८७१ रोजी झाला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग गंभीर गुन्ह्यांना सरावलेला आहे असं प्रांतिक सरकारचं मत झालं, की वरिष्ठांच्या मंजुरीनं तशी अधिसूचना काढायची. त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं. मग जमातीतल्या माणसांची नोंदवही, हजेरी, हद्दीबाहेर जायचं तर परवाना. परवान्याशिवाय कुणी सापडला तर त्याला गावचा चौकीदारही पकडू शकत होता. याच कायद्याच्या दुसऱ्या भागानं हिजड्यांचीही अशीच नोंदवही उघडली.

इंग्लंडमध्येही त्या काळात ‘गुन्हेगार वर्गा’ची धास्ती होती. १८६९ साली तिथे सराईत गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारा कायदा झाला. पण तिथे देखरेखीखाली येण्यासाठी आधी गुन्हा शाबित व्हावा लागे. इथे काहीच शाबित व्हावं लागत नव्हतं, अमक्या आईबापांच्या पोटी जन्म एवढं पुरे होतं. राज्यकर्ते तेच, काळही तोच, मापं मात्र दोन. इटलीचा लोम्ब्रोझो जन्मजात गुन्हेगाराचा आपला सिद्धान्त मांडणार होता तो १८७६मध्ये. इथे त्याच्या पाच वर्षं आधी त्याचा कायदा झालेला होता.

लोम्ब्रोझोनं कवटी आणि जबडा मोजला. इथे त्याची गरज पडली नाही, कारण जात हाताशी होती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन विधिसदस्य असताना या कायद्याचं जे समर्थन झालं, त्याचा सारांश असा : या देशात धंदे जातीनं चालतात, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा गुन्हा हासुद्धा पिढीजात धंदा असणारच. युक्तिवाद इंग्रजांचा, पण त्याचं गृहीतक अस्सल देशी होतं. कर्म जन्मावरून ठरतं हे आपल्या समाजाला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होतं.

म्हणजे हे सगळं आधीपासून असंच होतं का? तसंही नाही. सह्याद्रीतल्या रामोशांकडे गड-किल्ल्यांची आणि गावांची राखण होती. पेशवाई बुडाली, गडांवरची चाकरी गेली, इनामं आणि हक्क आक्रसले. उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. बंजाऱ्यांची कथा आणखी बोलकी आहे. १८०३ साली आर्थर वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढे असईला तो शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तेव्हा त्याच्या सैन्याला धान्य पुरवण्यात बंजाऱ्यांच्या बैलांचा मोठा वाटा होता. तांडा वेळेवर पोचला नाही तर फौज उपाशी राहायची. १८५३मध्ये बोरीबंदरहून आगगाडी सुटली आणि पुढच्या काही दशकांत मालवाहतूक लोहमार्गावर गेली. मिठावर सरकारची पकड बसली, १८७८च्या कायद्यानं राखीव जंगलांत शिरणं अवघड झालं. ज्याच्या पाठीवर साम्राज्याची फौज जेवली तो तांडा रस्त्यावर नुसता हिंडताना दिसू लागला. आणि ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याचा सारा भरायचा गाव ठरलेला नाही, तो सारावसुलीवर उभ्या असलेल्या राज्याला संशयितच वाटणार. रामोशी आणि बंजारा ही दोन्ही नावं आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे या कायद्याखालून पुढे मुक्त झालेल्या जातींच्या, यादीत आहेत.

कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. त्याआधीच, १९०८मध्ये, मुंबई इलाख्यातले पोलिस अधिकारी मायकेल केनेडी यांचं या जमातींवरचं पुस्तक निघालं होतं. पोलिसांच्या कामाचं पुस्तक ते. एकेक जमात घ्यायची आणि तिची वस्ती, बोली, पेहराव, वेषांतराच्या तऱ्हा, गुन्ह्याची पद्धत असं सगळं ओळीनं सांगायचं. पक्ष्यांच्या पुस्तकात पिसारा आणि शीळ द्यावी, तशा थाटात माणसं दिलेली. असं पुस्तक हाताशी असलेल्या फौजदाराला चोर शोधायची फारशी गरज उरत नाही. जमात सापडली की काम भागतं.

१९११च्या कायद्यात बोटांचे ठसे होते, मुलांना आईबापांपासून वेगळं काढायची मुभा होती, आणि माणसांना ठेवायला सेटलमेंटी होत्या. मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याकडे होतं. स्टार्ट दुष्ट माणूस नव्हता. या लोकांना काम मिळालं, मुलं शाळेत गेली, तर ते सुधारतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. विजापूर, हुबळी, सोलापूर इथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआत कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट कुटुंबं राहत आणि त्यांतले धडधाकट हात गिरणीत कामाला जात. जागेवरून हलायची मुभा नसलेला कामगार संपावर जाण्यापूर्वी दहादा विचार करणार, हे गिरणीमालकांना कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. वागणूक चांगली दिसली तर कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे. सोलापूरच्या टपाली पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आजही आहे.

इथे जन्मजात गुन्हेगाराची ती कल्पना बदलली, आणि हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८७१मध्ये ती म्हणत होती, हे लोक सुधारणार नाहीत, यांच्यावर नजर ठेवा. स्टार्टच्या काळात ती म्हणू लागली, हे लोक सुधारतील, म्हणूनच यांच्यावर नजर ठेवा. क्रौर्याविरुद्ध बोलणारे मिळतात. भल्यासाठी चाललेल्या बंदिवासाविरुद्ध कोण बोलणार? शाळा, उद्योग, दारूबंदी, भजन हे सगळं कुंपणाआत होतं, आणि कुंपण का, हा प्रश्न विचारणारा कृतघ्न ठरत होता. वसाहतवादाचा नैतिक वारसा म्हणताना आपल्याला बहुधा जालियनवाला बाग आठवते. पण गोळीबाराचा वारसा कुणी मिरवत नाही. उपकाराच्या भाषेतली हुकमत मात्र पुढच्या सरकारांना सहज अंगवळणी पडली.

१९२८ साली मुंबई सरकारनं दलित वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वीस वर्षांनी, १९४८मध्ये, ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार म्हणवल्या जाणाऱ्या जमाती यांना एका ओळीत उभं केलं. या जमातींची संख्या त्यांनी दोन कोटींच्या घरात धरली. आणि जाब विचारला तो इंग्रजांना नाही, हिंदू समाजाला. इतकी माणसं चोरी हाच जगण्याचा मार्ग मानण्याच्या स्थितीला येतात, ती संस्कृती स्वतःला संस्कृती कशी म्हणवते, असा त्यांचा रोख होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, साम्राज्याच्या माथी सगळं मारायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. आंबेडकरांनी तो साधला नाही.

देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला. या जमाती देशभर मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ला. कायद्यापुढे सगळे समान असं सांगणारी घटना त्याआधी अडीच वर्षं अमलात होती. कायदा रद्द करा ही शिफारस अनंतशयनम अय्यंगार समितीची. तिनंच त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसाठी कायदा असावा, असंही सुचवलं. राज्यांनी तसे कायदे केले, मुंबई राज्याचा १९५९चा. नव्या कायद्यात जमातीचं नाव नाही, फक्त व्यक्ती आहे. कागदावर ही मोठी सुधारणा होती. पण सराईत कोण हे ठरवणारी चौकी तीच, तिथल्या जुन्या नोंदवह्या त्याच आणि चोरी झाली की रात्री जीप ज्या वस्तीकडे वळायची ती वस्तीही तीच राहिली. कल्पनेनं कात टाकली.

या माणसांबद्दल तोवर मुख्यतः इतरांनीच लिहिलं होतं. लक्ष्मण माने यांचं आत्मकथन ‘उपरा’ १९८०मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७मध्ये आलं, तेव्हा केनेडींच्या पुस्तकातल्या नोंदी मराठीत बोलू लागल्या. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. ज्या वाचकांनी हळहळत ती वाचली, त्यांतल्या किती जणांनी गावाबाहेर पडलेल्या पालांकडे बघून त्या रात्री दाराला जादा कडी लावली नसेल?

आज पाहू. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. ज्यांना एका जागी राहू दिलं नाही, किंवा राहू दिलं ते कुंपणात, त्यांच्याकडे एका जागी राहिल्याचा कागद मागायचा, असा हा प्रकार. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत येतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. फासेपारध्यांचा शिकारीचा धंदा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संपला. वाघ-हरणं वाचवायलाच हवी होती, पण जाळं काढून घेतलेल्या हातांना दुसरं काय द्यायचं याची तजवीज त्या कायद्यात नव्हती. रानातून भाकरी मिळवणारा माणूस पुन्हा एकदा कायद्यानं गुन्हेगार झाला.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे व्हॉट्सॲपवरून आधीच पसरलेलं. मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे ठेचून मारले. या जमावात इंग्रज कुणी नव्हता, बहुतेकांनी १८७१च्या कायद्याचं नावही ऐकलेलं नसणार. तरी कारभार सगळा त्याच कायद्याबरहुकूम झाला : अनोळखी, भटके, म्हणजे टोळी, म्हणजे गुन्हेगार, आणि वर दाद मागायची सोय नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानी अटक होणार नाही हे पाहा, असं पोलिसांना बजावलं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत या जमातींचा सराईत गुन्हेगार म्हणून उल्लेख तोवर शिल्लक होता. जमाती मुक्त होऊन तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

या विषयावर बोलताना दोन पळवाटा नेहमी दिसतात. एक म्हणते, हे पाप इंग्रजांचं, आपल्या समाजात सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. दुसरी म्हणते, जातिव्यवस्था होतीच, इंग्रजांनी फक्त नोंद केली. दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून सोयीच्या आहेत. गावाचा संशय जुना होता, पण तो गावापुरता होता. शेजारचं गाव, दुसरा वतनदार, वेगळा हंगाम यांत त्याला फटी होत्या, माणूस निसटू शकत होता. वसाहतीच्या राज्यानं त्या संशयाला नोंदवही दिली, ठसा दिला, देशभर पोचणारा हात दिला आणि न्यायालयाचं दार बंद केलं. हे कृत्य त्यांचं, आणि त्याची जबाबदारी ब्रिटननं घ्यायला हवीच. पण आपल्याला सत्ता मिळाली तेव्हा ते यंत्र चालू स्थितीत मिळालं आणि आपण ते मोडलं नाही, फक्त त्यावरची पाटी बदलली. तिथून पुढचा हिशेब सरळ आपल्या नावावर चढतो. बापाचं घर घेणाऱ्याला बापाचं कर्जही घ्यावं लागतं, हा व्यवहार आपल्याला घरातल्या वाटणीत नीट कळतो.

लंडनकडे वाघनखं कायमची मागावीत, जरूर मागावीत. पण परक्याकडून येणं वसूल करायला निघालेल्या समाजाची पत, तो घरातलं देणं कसं फेडतो, यावर ठरते. हे देणं पैशातही आहे, पण पैशाआधी ते रिवाजात आहे : चोरी झाल्यावर पुराव्याआधी वस्ती गाठण्याचा रिवाज, फिरस्त्याकडे आधी राहण्याचा पुरावा मागण्याचा रिवाज, आणि भाड्याचं घर देताना आडनाव विचारण्याचा रिवाज. यातला एकही मोडायला ब्रिटिश सरकारची परवानगी लागत नाही.