पोत्यावरचे नाव

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या मोकळ्या प्लॉटांवर आणि रेल्वेरुळांच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचे एक तण कमरेएवढे माजते. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत. अंगाला लागले की खाज सुटते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. हे आले कुठून, असे एखाद्या जुन्या माणसाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते: अमेरिकेच्या गव्हातून. या तणाची आपल्याकडची नोंद पुण्यातच, १९५० च्या दशकाच्या मध्यावर झाली. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली भारताला धान्य देण्याचा पहिला करार मात्र ऑगस्ट १९५६ चा. अमेरिकी गहू त्याआधी १९५१ मध्येही आला होता, त्यामुळे आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही, पण तारखांचा मेळ पक्का बसत नाही हेही खरे. तरी लोकांचा निकाल कधीच लागून गेला आहे. पोट भरले ते विसरायला झाले आणि देणाऱ्याच्या नावावर तण तेवढे राहिले.

घेणाऱ्याच्या मनात असा सल का राहतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आधी धर्मशास्त्राला पडला होता. महाभारताच्या अनुशासनपर्वात एक कथा आहे. दुष्काळ पडलेला, सप्तर्षी भुकेने व्याकूळ. राजा वृषादर्भी त्यांना गाई, धान्य, गावे, हवे ते देऊ करतो. ऋषी नाही म्हणतात, कारण राजाचे दान घेतले की राजाचे मिंधे व्हावे लागते. राजा हट्टाला पेटतो. त्याचे मंत्री उंबराची फळे वेचतात, त्यांत सोने भरतात आणि ती ऋषींपुढे ठेवली जातात. अत्री एक फळ हातात घेतात. ते जड लागते. ऋषी ती फळे तशीच टाकून चालू लागतात. चिडलेला राजा मग त्यांच्या नाशासाठी एक राक्षसी पाठवतो. दान नाकारले गेल्याचा राग दात्याला येतो, हेही कथाकाराने नेमके टिपले आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये देण्याघेण्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्याने याच अनुशासनपर्वाचा आधार घेतला होता.

साठच्या दशकातल्या भारताला फळ जड लागत होते, पण टाकून देण्याची सोय नव्हती. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली देशाने १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे. जहाज बंदराला लागायचे आणि त्यातला गहू जवळजवळ थेट लोकांच्या ताटात जायचा. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याचा दोर आखूड धरला होता. थोडे सोडायचे, भारताचे शेतीधोरण बदलते आहे का ते पाहायचे, मग आणखी थोडे. व्हिएतनाम युद्धावर दिल्लीने टीका केली की वॉशिंग्टनमध्ये कपाळाला आठ्या पडत. त्याआधी, १९६५ मध्ये, लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांत सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. धान्य त्यातून थोडेफार वाचले असेल. वाचवायची होती ती मान.

गंमत अशी की हे धान्य फुकट नव्हतेच. भारत त्याची किंमत रुपयांत मोजत होता. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले आणि इतके साठले की खर्च कुठे करायचे हे अमेरिकेला कळेना. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी दिल्लीत भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून तो गिनीज बुकात गेला. इतका मोठा हिशेब मिटूनही लोकांच्या बोलण्यातली ‘अमेरिकेची भीक’ काही गेली नाही.

अशा देशाने देणाऱ्यांच्या पंगतीत बसायचे ठरवले ते २००३ मध्ये. खरे तर देणे जुनेच होते. काठमांडूला भारताशी जोडणारा त्रिभुवन राजपथ पन्नाशीच्या दशकात भारताने बांधून दिला, भूतानच्या १९६१ पासूनच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा पैसा भारताचा होता, आणि १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेत विकसनशील देशांतले अधिकारी व तंत्रज्ञ इथे शिकायला येत होते. म्हणजे एका हाताने घेताना दुसरा हात देतच होता. २००३ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री जसवंतसिंग यांनी फक्त तोल बदलला. छोट्या देणगीदार देशांचे आभार मानून त्यांना मोकळे केले, यापुढे अटी बांधलेली मदत नको असे सांगितले आणि कर्जात बुडालेल्या गरीब देशांना कर्जमाफी देण्याचा विचार बोलून दाखवला. दारिद्र्याशी झगडल्यामुळे त्याची वेदना आम्हाला ठाऊक आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

दोन वर्षांच्या आतच कसोटी आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार उद्ध्वस्त झाले. भारताने परदेशी सरकारांची मदत नम्रपणे नाकारली आणि स्वतःच्या नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे धाडली. जगाने कौतुक केले. ते योग्यच होते.

पण देणाऱ्याच्या जागी बसले की उंबराचे फळ कोण भरते, हा प्रश्न आपल्याकडे वळतो. भारताच्या विकास-साहाय्याचा मोठा भाग अनुदान नसून एक्झिम बँकेमार्फत दिलेले सवलतीचे कर्ज असतो, आणि त्यातून होणारी साधारण ७५ टक्के खरेदी भारतातूनच करावी अशी अट सर्रास असते. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेल्या दानाला गीतेचा सतरावा अध्याय राजस म्हणतो. राजस म्हणजे पाप नव्हे. जपान, चीन, युरोप सगळे तेच करतात. फक्त ‘अटी नकोत’ हे वाक्य आपण घेणारे असताना आपलेच होते.

तैत्तिरीय उपनिषद देणाऱ्याने संकोचाने, लाजत द्यावे असे सांगते. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर भारताची विमाने आणि बचाव पथके काही तासांत नेपाळला पोहोचली. मदत खरी होती, वेळेवर होती. पाठोपाठ आपल्या वृत्तवाहिन्या पोहोचल्या. उपकारांचे प्रक्षेपण इतक्या मोठ्या आवाजात झाले की आठवडाभरात नेपाळी तरुण समाजमाध्यमांवर ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ म्हणू लागले. तो त्यांचा गाजर गवताचा क्षण होता.

दानाचा वेगळा अर्थ लावणारा माणूस महाराष्ट्रातलाच. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा. शंकराचार्यांच्या आधाराने ते म्हणत, दान म्हणजे न्याय्य वाटणी. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्यापुढे ८० एकर जमिनीची गरज मांडली आणि तिथल्याच एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. आधी घेणाऱ्यांनी आकडा सांगितला, मग देणारा उभा राहिला. पुढे त्यांच्या भूदान चळवळीत पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, कारण देणाऱ्यांनी नको असलेले तेवढे दिले. एकाच चळवळीत दोन्ही तऱ्हा दिसल्या.

भारत स्वतःला ‘दाता’ म्हणवत नाही. २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालयात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे, त्याच्या नावात ‘विकास भागीदारी’ आहे. शब्द योग्य आहे, आणि प्रामाणिकही, कारण आपण आजही घेतोच आहोत: जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जपानच्या कर्जातून उभा आहे. या शब्दाला साजेसे एक उदाहरण अटारीच्या सीमेवर घडले. २२ फेब्रुवारी २०२२ ला अफगाणिस्तानसाठी ५० ट्रकांतून २,५०० टन गहू निघाला. एकूण वचन ५०,००० टनांचे होते. काबूलमधल्या सरकारला दिल्लीने मान्यता दिलेली नव्हती आणि वाट पाकिस्तानातून जात होती, तरी गहू गेला, आणि त्याच्या बदल्यात काही विकत घ्यायची सक्ती नव्हती. अशी खेप अपवाद आहे. नियम अजून ७५ टक्क्यांचा आहे. २००३ मध्ये आपण इतरांकडून जी अट नाकारली, ती आपल्या कर्जकरारांतून निघेपर्यंत ‘भागीदारी’ हा शब्द उसनाच राहील.