आढळले नाही

सांडपाण्याचे नमुने तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तणनाशकांच्या रकान्यात 'आढळले नाही' हे दोन शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याची मोजदाद नाही. एकदा एक ऊस-बागायतदार अहवाल हातात धरून म्हणाला, "म्हणजे साहेब, नाल्यात औषध नाही ना? जनावरं तिथंच पितात." शेतकरी तणनाशकाला औषधच म्हणतो. मी "नाही" म्हटले आणि तो समाधानाने गेला. परंतु 'आढळले नाही' आणि 'नाही' यांमधले अंतर तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही. पहिले विधान माझ्या यंत्राच्या दृष्टीविषयी होते, दुसरे पाण्याविषयी. पहिले खरे होते. दुसरे मला ठाऊकच नव्हते.

पुढे ती दृष्टी तीक्ष्ण झाली. आज नमुन्याचे पाणी एका लहानशा नळीतून सोडतात. नळीतल्या भुकटीला चिकटून राहिलेले तणनाशक थोड्याशा मिथेनॉलने धुऊन काढतात, म्हणजे ते शेकडो पटींनी दाट होते. मग क्रोमॅटोग्राफ त्यातली द्रव्ये वेगळी करतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंच्या व त्यांच्या तुकड्यांच्या वजनावरून त्यांची ओळख पटवतो. एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम ॲट्राझीन असले, तरी ते आता लपत नाही.

मग प्रश्न असा, की दिसू लागले म्हणून ते घातक झाले काय? नेमके हेच प्रमाण, लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, युरोपीय समुदायाने १९८० साली पिण्याच्या पाण्यातील प्रत्येक कीडनाशकाची वा तणनाशकाची मर्यादा म्हणून ठरवले. त्यामागे विषाचे गणित नव्हते. 'मुळीच नको' हा निर्धार होता, आणि तेव्हाच्या यंत्रांना साधारण तेवढेच दिसत होते. अमेरिकेत ॲट्राझीनची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १००. पाण्याचा तोच पेला एका किनाऱ्यावर दोषी, दुसऱ्यावर निर्दोष! आकडा यंत्र देते. निवाडा माणसालाच करावा लागतो.

आणि निवाड्याची घाई किती फसवी असते! पाण्यात तणनाशक सापडले की आपले बोट शेताकडे वळते. स्वित्झर्लंडमध्ये मेकोप्रॉप नावाच्या तणनाशकाचा माग काढताना ते सपाट छपरांवरूनही उतरत असल्याचे आढळले. झाडांची मुळे घुसू नयेत म्हणून छपरावरच्या डांबरी थरात ते मिसळलेले असे आणि पावसाबरोबर वाहून जाई. छपरांचा हा वाटा शेतांच्या तोलाचा असावा, असा अंदाज संशोधकांनी १९९८ साली मांडला. शेतकऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या शहरवासीयाच्या डोक्यावरच ते औषध होते.

म्हणून मला वाटते, की दिसलेल्या प्रत्येक कणाला पाप म्हणणे हा न्याय नव्हे. आणि न दिसलेल्याला 'नाही' म्हणणे हे तर सत्यही नव्हे. अज्ञान क्षम्य असते. आपले अज्ञान दुसऱ्याला ज्ञान म्हणून देणे क्षम्य नसते. "अमुक प्रमाणाखालचे मला दिसत नाही," एवढेच मला त्या बागायतदाराला सांगायचे होते. ते ऐकून त्याने जनावरे दुसरीकडे नेली असती, किंवा नसतीही. पण ते त्याने ठरवायचे होते. शंका त्याची होती. माझ्या एका 'नाही'ने मी ती त्याच्याकडून काढून घेतली.